ईव्ही घरी चार्ज करायला पार्किंगमधला पंधराचा पॉईंट पुरतो का? माझं मत: नाही

रंकाळा_पश्चिम

कोल्हापुरात हल्ली ईव्ही घेणारे वाढलेत आणि सगळ्यांना एकच सल्ला मिळतोय, की पार्किंगमध्ये पंधराचा पॉईंट (म्हणजे १५-१६ अँपिअरचं जाड पिनांचं सॉकेट) आहे की, लाव तिथं आणि झोप निवांत. आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर पण परवा हेच चाललं होतं. मला हा सल्ला धोक्याचा वाटतोय आणि का वाटतोय ते नीट लिहितो, पटत नसेल तर खाली बोला.

सगळे म्हणतात गिझर चालतोय, एसी चालतोय, मग गाडी का नाही. अहो गिझर २ किलोवॅटचा, म्हणजे साधारण ९ अँपिअर, आणि पाणी तापलं की थर्मोस्टॅट बंद करतो, पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. एसीचा कॉम्प्रेसर पण मधे मधे थांबतो. गाडी मात्र १३-१५ अँपिअर ओढते ती रात्री दहाला लावली की पहाटेपर्यंत सलग, सॉकेटला थंड व्हायला एक मिनिट मिळत नाही. घरातली दुसरी कुठली वस्तू असं करते सांगा बरं.

आता जळतं कसं ते बघा. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी ढिली झाली, पिन नीट पकडली नाही, की तिथं रेझिस्टन्स वाढतो. समजा फक्त ०.१ ओहम वाढला. १५ गुणिले १५ गुणिले ०.१, म्हणजे साडेबावीस वॅट. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, म्हणजे जवळपास तेवढी गरमी बंद बोर्डाच्या आत, प्लास्टिकला चिकटून, रात्रभर. आणि एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप लाईन तोडणारा स्विच, तो पडत नाही! कारण एमसीबीला लाईनमधून किती करंट जातोय तेवढंच कळतं, आणि करंट तर वाढलेलाच नसतो. आमच्या इथं एकाचं सॉकेट काढलं तेव्हा मी उभा होतो, तीन भोकांपैकी फेजच्या एकाच भोकाभोवती तपकिरी कडं, टॉपची (प्लगची) ती एकच पिन काळी-निळी पडलेली, आणि मागं वायरचं लाल कोटिंग कडक होऊन बोटानं दाबलं की तुकडे पडत होते. एमसीबी ठणठणीत, चालूच.

म्हणून माझं म्हणणं, मीटरपासून सरळ वेगळी लाईन ओढा, ४ स्क्वेअर एमएम कॉपर, तिला स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच), आणि शेवटी ते निळं इंडस्ट्रियल सॉकेट. आपल्याकडं उद्यमनगर आहे, शिरोली आहे, गोकुळ शिरगाव आहे, सगळे कारखान्यांचे भाग, हे सॉकेट कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतंय. लाखांची गाडी घेऊन दोन-चार हजारासाठी घासाघीस करू नका.

कागल_अप_डाऊन

भावा, लोकांना एवढं घाबरवायचं काय कारण नाही. आधीच माणसं ईव्ही घ्यायला बिचकतात, त्यात हे वाचलं तर परत पेट्रोलच घेतील.

पहिली गोष्ट, आयएस १२९३ (प्लग-सॉकेटचं भारतीय मानक) चं १६ अँपिअरचं चांगल्या कंपनीचं सॉकेट हे १६ अँपिअरसाठीच टेस्ट झालेलं असतं, ते काय खेळणं नाही. जळतात ती रस्त्यावरच्या हलक्या मालाची नाहीतर दहा-बारा वर्षं गिझरला वापरून ढिली झालेली. दोष त्या सॉकेटचा, पंधराच्या पॉईंटचा नव्हे.

दुसरं, तुमचंच गणित वापरतो. माझ्या गाडीत करंट कमी करता येतो, मी १० वर ठेवलाय. १० गुणिले १० गुणिले ०.१ म्हणजे १० वॅट, गरमी निम्म्याहून खाली आली की नाही? आणि १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॅट. मी रोज कोल्हापूर-कागल जाऊन येतो, चाळीसेक किलोमीटर, त्याला सहा-सात युनिट लागतात, तीन तासात गाडी होती तशी. रात्र केवढी आहे! ह्यासाठी इंडस्ट्रियल सॉकेट कशाला?

आणि तिसरं तर तुम्ही सांगितलंच नाही. निळं सॉकेट बसवलं तरी गाडीबरोबर येणाऱ्या केबलला थ्री पिन टॉपच आहे. तो त्यात जाणार कसा? मग माणसं टॉप कापून निळा टॉप लावतात नाहीतर अ‍ॅडॉप्टर करून घेतात. बऱ्याच केबलींच्या त्या मोल्डेड टॉपमध्ये टेम्परेचर सेन्सर असतो, टॉप तापला की चार्जिंग कमी नाहीतर बंद करतो. तो कापून टाकला तर असलेली सेफ्टी पण गेली आणि वॉरंटी पण गेली.

रंकाळा_पश्चिम

टॉप कापा असं मी कुठंच म्हटलेलं नाही आणि कुणी कापू पण नये. निळं सॉकेट अशांसाठी ज्यांच्या चार्जरला तसा टॉप येतो. बाकीच्यांनी कंपनीची केबल ठेवायची असेल तर मेटलक्लॅड (धातूच्या) बॉक्समध्ये चांगलं १६ चं सॉकेट लावा, नाहीतर भिंतीवरचा चार्जर वायरिंगला डायरेक्ट जोडून घ्या, सॉकेटचा प्रश्नच मिटला.

१० अँपिअरचं म्हणणं मला पटतं, पण ते तुमच्यासारख्या सेटिंग बघणाऱ्यासाठी. रविवारी गावाला जायचंय म्हणून घरातलं दुसरं कुणी १५ वर टाकणार, मग? सेफ्टी ही माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडायची नसते.

वायरमन_उद्यमनगर

दोघंपण सॉकेटच्या तोंडाकडंच बघायलाय. मी रोज ही कामं करतोय, सांगतो काय होतंय ते. दहातली बहुतेक जळकी सॉकेट पुढून नाही, मागून जळलेली असतात. स्क्रूच्या खाली. मल्टीस्ट्रँड वायर नुसती पिळून खाली कोंबायची आणि स्क्रू आवळायचा, ही आपल्याकडची पद्धत. रोज तापतंय थंड होतंय, तारा दबत जातात, स्क्रू ढिला पडतो. ह्याला एकच इलाज, पिन लग (वायरच्या टोकाला घालायची धातूची टोपी) लावून क्रिंप करायचं, म्हणजे दाबून घट्ट बसवायचं आणि मग आवळायचं. लग किती रुपयाचा असतोय हो, पण कोण लावत नाही कारण गिऱ्हाईक विचारत नाही. जुन्या बिल्डिंगीत अ‍ॅल्युमिनियम वायर असेल तर तिथं गाडी लावायचीच नाही, मग सॉकेट सोन्याचं असू दे.

दुसरं ते ६/१६ सॉकेट, बारीक आणि जाड दोन्ही पिना जाणारं. मोबाईलला, इस्त्रीला, मिक्सरला झ्याक. १६ च्या टॉपची पिन ७ मिलीमीटरची, ६ च्या टॉपची ५ ची, एकच पट्टी दोन्हीला धरणार म्हटल्यावर ती पकड फक्त जाड पिनच्या सॉकेटसारखी राहत नाही. गाडीला फक्त १६ चं घ्या, टॉप घालताना जोर लागला पाहिजे, काढताना पण. अलगद निघत असेल तर सॉकेट बदला.

एमसीबी पडतोय म्हणून १६ चा काढून ३२ चा टाकणारे पण बघितलेत. १६ च्या सॉकेटवर ३२ चा एमसीबी म्हणजे सॉकेट वितळेपर्यंत त्याला पत्ता नाही. पडतोय तर का पडतोय ते शोधा.

आणि आता खरं भ्यायचं काय ते. अर्थिंग नसलं की गाडी चार्जिंग घेत नाही, एरर देती. मग काही जण काय करतात, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थला छोटा तुकडा मारून जोडतात. एरर गेला, गिऱ्हाईक खूश. पण त्याच लाईनचा न्यूट्रल कुठं मागं तुटला तर अख्खी गाडीची बॉडी २३० व्होल्टवर येणार. पावसात पोरगं दार उघडायला गेलं तर? हे असलं काम मी केलेलं नाही आणि जिथं दिसलं तिथं काढून टाकलंय, गिऱ्हाईक रुसलं तरी. अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) करून घ्या, अर्थ टेस्टरनं मोजून घ्या. उन्हाळ्यात पिट वाळतोय, त्यात पाणी घालायचं असतं हे पण कुणाच्या डोक्यात नसतंय.

कागल_अप_डाऊन

वायरमन दादा, लगचं आणि न्यूट्रल-अर्थ जोडण्याचं शंभर टक्के मान्य. पण बघा, तुम्ही सांगितलेल्यातलं एकपण निळ्या सॉकेटनं सुटत नाही. लग लावला, वायर कॉपर, सॉकेट फक्त १६ चं, अर्थ बरोबर, की पंधराचा पॉईंट पुरतोच. हेच तर माझं म्हणणं आहे.

ताराबाई_पार्क

मला तर हा सगळा वादच जुना वाटतोय. बऱ्याच गाड्यांबरोबर ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) कंपनीच बसवून देते, काही मॉडेलला थोडे पैसे जास्त पडतात, तो घ्या आणि मोकळे व्हा. त्याला टॉप नाही, सॉकेट नाही, सगळं हार्डवायर, लीकेज बघायची सोय बऱ्याच बॉक्समध्ये आतच असते. पोर्टेबल केबल डिकीत ठेवा, सांगली-इचलकरंजीला पाहुण्यांकडं गेलं तर कामाला येते. रोजच्यासाठी बनवलेली वस्तू सोडून इमर्जन्सीची केबल रोज वापरायची आणि मग सॉकेट जळलं म्हणायचं, हे मला पटत नाही.

कागल_अप_डाऊन

ताई, ७.२ म्हणजे ३२ अँपिअर. त्याला ६ स्क्वेअरची वायर, आणि बऱ्याच घरांचा महावितरणकडं मंजूर लोडच दोन-तीन किलोवॅट असतो, तो आधी वाढवून घ्यावा लागतोय. बंगल्यात ठीक आहे. आमच्यासारख्या जुन्या अपार्टमेंटमध्ये चार गाड्या ३२ वर लागल्या तर खालची मेन केबलच तापंल, मग सॉकेट वाचवून काय उपयोग?

ताराबाई_पार्क

म्हणून तर लोड रीतसर वाढवून घ्यायचा. चोरून पंधराच्या पॉईंटवर चार गाड्या लावल्या तर मेन केबलला कळत नाही का? आणि वॉलबॉक्सचा करंट बसवतानाच कमी सेट करता येतो बऱ्याच मॉडेलमध्ये, ३२ च घ्या असं काही नाही.

कुंभार_गल्ली

शाहूपुरीतून लिहितोय. तुमचं वायर-सॉकेट बरोबर आहे पण आमच्याकडं पंचगंगा घरात येती हे कुणी धरलंच नाही. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४३ आहे, २०२१ ला परत तेच. सुतारवाडा, दुधाळी, नागाळा पार्कची पार्किंगं पाण्यात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमात ईव्हीच्या सॉकेटची उंची जमिनीपासून किमान ८०० मिलीमीटर सांगितलीय, म्हणजे अडीच फुटांहून जरासंच जास्त. आमच्याकडं ते पहिल्या दिवशीच बुडणार. पॉईंट छातीच्या वर घ्या आणि त्याचा एमसीबी वर पहिल्या मजल्यावर ठेवा, पाणी आल्यावर लाईन बंद करायला पाण्यात उतरायला लागू नये. आणि पूर ओसरल्यावर भिजलेलं सॉकेट वाळवून परत वापरायचं नाही, आत गाळ बसतोय, ते टाकूनच द्यायचं.

रंकाळा_पश्चिम

हे फार महत्त्वाचं सांगितलंत, मी लेव्हलचा विचारच मूळ पोस्टमध्ये धरला नव्हता. त्याच नियमांत अजून दोन गोष्टी आहेत, एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही, आणि आरसीसीबी किमान टाईप ए चा पाहिजे. हे दुसरं कुणी बघतच नाही. दुकानात नुसता आरसीसीबी मागितला की टाईप एसी हातात येतो. पुढच्या बाजूला खूण बघा, नुसती एक लाट काढलेली असेल तर तो एसी, लाटेखाली अर्ध्या लाटांची अजून एक ओळ असेल तर तो ए. गाडीच्या आत एसी करंटचं डीसी होतं, तिथनं गळती झाली तर ती साध्या लाटेसारखी नसते, टाईप एसी ती ओळखेलच असं नाही. टेस्टचं बटण दाबलं तर मात्र तो मस्त पडतो, म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे.

कागलवाले, तुमच्याकडं कुठला आहे?

कागल_अप_डाऊन

फोटो बघून सांगतो... एकच लाट आहे. ठीक आहे, हा बदलतो. वेगळी लाईन पण मान्य. पण निळं सॉकेट मान्य नाही आणि १० अँपिअर सोडणार नाही, नवीन घेणाऱ्यालापण हेच सांगणार. सगळ्यांना वीस-पंचवीस हजाराच्या कामाची यादी दिली तर माणूस यादी फाडतो आणि खिडकीतनं एक्स्टेंशन सोडतो, हे मी डोळ्यानं बघितलंय. निम्मं तरी करा आणि ते नीट करा.

रंकाळा_पश्चिम

निम्म्यात कुठलं निम्मं हे माणूस स्वतः ठरवतो हीच तर भीती आहे. अर्थ आणि लग दिसत नाहीत म्हणून तेच सोडणार, आणि चकचकीत सॉकेट घेणार.

शिवाजी_पेठ_वाडा

सगळं वाचलं. आमचा जुना वाडा आहे, वायरिंग सासऱ्यांच्या काळातलं, लाकडी पट्टीवरचं. मुलगा पुढच्या महिन्यात गाडी आणतोय आणि म्हणतोय अंगणातल्या मोटरच्या पॉईंटवर लावू, मोटर एवढी वर्षं चालतीय म्हणून. लोड किती आहे ते बिलावर बघितलं, १ किलोवॅट लिहिलंय. काय करू, सगळा वाडा बदलायला आत्ता पैसे नाहीत.

वायरमन_उद्यमनगर

ताई, सगळा वाडा बदलायची गरज नाही. जुन्या वायरिंगला हातच लावायचा नाही, मोटरच्या पॉईंटवर तर अजिबात नको. आधी महावितरणला लोड वाढवायचा अर्ज टाका. मग मीटरच्या शेजारी छोटी डीबी (एमसीबी बसवायचा डबा), तिथनं अंगणापर्यंत पाईपमधनं ४ स्क्वेअरची नवीन लाईन, नवीन अर्थ पिट, बस. लाकडी पट्टी कुठल्या बाजूनं आलीय आणि मीटर दरवाज्याच्या आत आहे की बाहेर तेवढं सांगा, त्यावर वायर किती लागंल ते ठरतंय. गाडी यायच्या आधी करून घ्या, गाडी दारात आली की पोरं थांबत नाहीत.

शिवाजी_पेठ_वाडा

मीटर बाहेर, सोप्यात आहे. पट्टी माजघरातून जाते. अर्ज उद्याच टाकते.