मदत हवी आहे: भाचीसाठी हात्सुने मिकूची फिगर, बजेट तीन, तोक्योत नेमकं काय घेऊ?

शेपटीवाला_पतंग
मंडळी, पुढच्या महिन्यात कामानिमित्त दहा दिवस तोक्योला चाललोय. पुण्यातल्या भाचीची (वय 15) एकच फर्माईश आहे: हात्सुने मिकू या लांब वेण्यांच्या जपानी पात्राची फिगर (प्लास्टिकची छोटी मूर्ती), "कोणतीही चालेल". या "कोणतीही"नेच घोळ केलाय. नेटवर 1,500 येनांपासून 30,000 येनांपर्यंत दिसतात, आणि फोटोत सगळ्या सारख्याच हसतात.

घरच्यांनी वर्गणी काढली तर बजेट 25,000 येन, फक्त माझ्या खिशातून 10,000, आणि नुसती आठवण म्हणून न्यायची तर 3,000. प्रत्येकात काय घ्यावं? कुठे? आणि पुण्याच्या हवेत टिकेल ना?

आळशी_मांजर
3,000 मध्ये "प्राइझ फिगर" घ्या. ताइतो, सेगा, फुर्यू, बानप्रेस्तो ही उत्पादकांची नावं खोक्यावर शोधा. या फिगर मुळात गेम सेंटरच्या क्रेन मशीनसाठी (पैसे टाकून पंजाने बक्षीस उचलायचं यंत्र) बनतात, आणि बक्षिसाची किंमत साधारण 1,000 येनांच्या आत असावी असा तिथला दंडक आहे (2022 पर्यंत 800 होता). स्वस्ताईचं मूळ तिथे आहे, त्या नकली असतात म्हणून नव्हे. चेहरा बहुतेक वेळा छान असतो. काटकसर दिसते ती केसांच्या मागच्या जोडरेषेत, सपाट रंगात आणि साध्या गोल तळात.

मशीनवर मात्र खेळू नका. एका डावाला 100 येन. खोकं दोन दांड्यांवर आडवं ठेवलेलं असतं आणि पंजा इतका ढिला की ते उचललं जात नाही, आळीपाळीने एकेक टोक सरकवावं लागतं. नवख्या माणसाचे 3,000 येन कधी संपले ते कळतही नाही. तीच फिगर सीलबंद अवस्थेत पुनर्विक्रीच्या दुकानात 1,500 ते 2,500 ला मिळते.

तिसरा_खण
मांजरांना +1. प्राइझमध्येही फुर्यूची "नूडल स्टॉपर" मालिका बघा. कप नूडल्सच्या झाकणावर वजन म्हणून बसवायची कल्पना आहे, म्हणून पात्र बसलेलं असतं. (गरम वाफेवर खरोखर ठेवू नका.) बसलेली फिगर वाकत नाही, आणि मिकूच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं.

कारण तिच्या दोन लांब वेण्या. सगळा भार वर, खाली दोन बारीक घोटे. पीव्हीसी, म्हणजे या फिगरचं प्लास्टिक, उबेत नरम पडतं आणि सततच्या वजनाने हळूहळू झुकतं. एका पायावर उडी मारणारी मिकू फोटोत झकास दिसते, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात दोन वर्षांत नमस्कार घालायला लागते. म्हणून कोणत्याही बजेटात आधी उभं राहणं बघा, मग किंमत: दोन्ही पाय टेकलेले आहेत का, वेणी किंवा झगा तळाला टेकतोय का, पारदर्शक आधारकाठी दिलीय का.

शेपटीवाला_पतंग
हे कुणीच सांगितलं नव्हतं. मग 10,000 मध्ये?

तिसरा_खण
दोन वाटा आहेत. नुसती मांडून ठेवायची तर गुड स्माइल कंपनीची "पॉप अप परेड" मालिका: उंची 17-18 सेंमीच्या आसपास, साधारण 4,000 ते 6,000 येन. हाताळायची असेल तर "नेंडोरॉइड": मोठ्या डोक्याची, 10 सेंमीची, चेहरे आणि हात बदलता येतात. 15 वर्षांच्या मुलीला मी नेंडोरॉइडच देईन. खोकं लहान, झुकण्याचा प्रश्न जवळजवळ नाही. नेंडोरॉइड मालिकेत मिकूचा पहिला क्रमांक 33 (2008), नंतर 300 क्रमांकाची सुधारित आवृत्ती आली. आता तर मिकूच्या इतक्या आहेत की भाचीकडून चेहऱ्याचा फोटो मागवून घ्या.

"फिग्मा" ही सांधे असलेली मालिकाही याच बजेटात बसते, पण मनगटाच्या खुंट्या नाजूक असतात. हात बदलताना खुंटी तुटून भोकात अडकणं ही नेहमीची तक्रार. घट्ट वाटलं तर हेअर ड्रायरने भोकाची बाजू 20-30 सेकंद गरम करायची, मग सरळ ओढायचं. पिळायचं नाही.

खोकेशास्त्री
25,000 साठी 1/7 स्केल फिगर, म्हणजे पात्राच्या उंचीच्या सातव्या हिश्शाची. हिशोब सोपा आहे: मिकूची अधिकृत उंची 158 सेंमी, म्हणजे 1/7 मध्ये साडेबावीस सेंमी, 1/8 मध्ये पावणेवीस. तळ आणि उडणारे केस धरून खोकं बरंच मोठं होतं. इथे पैसे कशाचे? केसांच्या टोकाशी फिका होत जाणारा रंग, अर्धपारदर्शक प्लास्टिक, कपड्याच्या घडीतली सावली. आल्टर, मॅक्स फॅक्टरी, गुड स्माइल या कंपन्यांची कामं बघून ठेवा.

नवीच हवी हा हट्ट सोडा. नाकानो ब्रॉडवे या बाजारसंकुलातल्या मांदाराके या जुन्या मालाच्या दुकानात किंवा आकिहाबारा स्टेशनला लागून असलेल्या रेडिओ काइकान या दुकानांच्या इमारतीत वापरलेल्या फिगर उत्तम मिळतात. चिठ्ठीवरचे दोन शब्द ओळखा: "मिकाइफू" म्हणजे सील न फोडलेली, "काइफूझुमी" म्हणजे उघडलेली. दर्जा "ए/बी" असा लिहिला असेल तर पहिलं अक्षर फिगरचं, दुसरं खोक्याचं. खोकं "बी" किंवा "सी" असेल तर किंमत पडते आणि आतल्या मालाला काही होत नाही. तुम्हाला तेच हवंय.

आणि भाव फार चढलेला दिसला तर "साइहान", म्हणजे पुनर्उत्पादन, जाहीर झालंय का ते आधी तपासा. झालं असेल तर तीच फिगर काही महिन्यांत मूळ किमतीला येते आणि चढा भाव कोसळतो.

आळशी_मांजर
शास्त्रीबुवा, जुन्या सीलबंद मालाबद्दल एक सावधगिरी. वर्षानुवर्षं बंद खोक्यात राहिलेल्या पीव्हीसीतून मृदुकारक (प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य) पाझरतं आणि फिगर चिकट होते. सील शाबूत म्हणजे माल ताजा असं नाही. दहा वर्षं जुनी सीलबंद घेण्यापेक्षा कुणीतरी काचेच्या कपाटात मांडलेली बरी.

चिकट निघालीच तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, सावलीत वाळवणे. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही, रंग जातो.

शेपटीवाला_पतंग
सगळ्यांचे आभार. आणायचं कसं? खोकं फेकून नुसती फिगर कपड्यांत गुंडाळली तर?

खोकेशास्त्री
नको! वेणीचं टोक पहिलं तुटेल. आतला पारदर्शक साचा फिगरच्या मापाचा असतो, तोच खरा रक्षक. फारच अडचण असेल तर बाहेरचं पुठ्ठ्याचं खोकं खालच्या चिकटवलेल्या कडेने सोडवून सपाट करा, बॅगेच्या तळाला घाला, आणि साचा कडेने टेप लावून मऊ कपड्यांच्या मधोमध ठेवा. रंगांच्या मधली पातळ प्लास्टिकची कागदं काढू नका, गडद रंग फिक्यावर उतरतो.

पोस्टाने पाठवायची झाली तर जपान पोस्टची ईएमएस (परदेशी जलद टपालसेवा) प्रत्यक्ष वजनावर पैसे घेते. खाजगी कुरियर आकारमानाचं वजन धरतात: 30×25×25 सेंमीचं खोकं भागिले 5,000, म्हणजे पावणेचार किलो, आत फिगर एक किलोची का असेना. शिवाय भारतात सीमाशुल्क. तुम्ही स्वतः येताय तर बॅगेतूनच आणा, पावती जवळ ठेवा.

पासपोर्टही खिशात असू द्या. एका दुकानात एका दिवशी कर वगळून 5,000 येनांची खरेदी झाली की पर्यटकाला 10 टक्के उपभोग कर माफ होतो. 1 नोव्हेंबर 2026 पासून मात्र आधी कर भरून देश सोडताना परतावा घ्यायचा आहे.

तिसरा_खण
पुण्याच्या हवेचं राहिलं. खिडकीच्या उन्हापासून दूर, दार असलेलं कपाट, दिवा एलईडी. पावसाळ्यात सिलिका जेल चालेल, डांबराच्या गोळ्या नकोत, त्या प्लास्टिकला बाधतात. थोडी झुकलीच तर तो पाय साधारण 60-70 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट, हाताने सरळ करून लगेच गार पाण्यात. उकळतं पाणी नको, रंग आणि गोंद दोन्ही सुटतात.

शेपटीवाला_पतंग
ठरलं. भाचीने फोटो पाठवलाय, नेंडोरॉइडच. सोबत एक नूडल स्टॉपर. शनिवारी सकाळी दहाला नाकानो गाठतो.

आळशी_मांजर
दहाला जाऊन शटर बघाल. मांदाराके दुपारी 12 ला उघडतं. आणि ते एक दुकान नाही, वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरलेली बरीच छोटी दुकानं आहेत, फिगरचं कुठलं ते दाराशीच नकाशात बघून घ्या. भाचीसमोर मिकूला "ॲनिमेमधली" म्हणू नका, ती 2007 च्या गाण्याच्या सॉफ्टवेअरमधली आहे. बोलणी खाल.