'रुबातो'ला मराठीत काय म्हणावं?

कृष्णाकाठ: सांगलीत चार तंतुवादकांची मैफल आहे, तिचं माहितीपत्रक मराठीत करतेय. 'टेम्पो रुबातो'पाशी अडले. इटालियनमध्ये शब्दशः 'चोरलेला काळ': एक स्वर लांबवायचा, पुढे भरून काढायचं. मी 'लयचोरी' लिहिलं. तबला शिकलेल्या काकांनी वाचून कागद बाजूला ठेवला. म्हणाले, लय चोरतो तो कच्चा.

पडघम: काका बरोबर आहेत. लय सुटते, पळते, ढिली पडते. आपल्याकडे हे सगळे दोषच. 'लयीची ओढ' लिहा.

मिरजकर: 'ओढ' नको, कुणीतरी फरफटत नेतंय असं वाटतं. विलंबित, म्हणजे संथ, एकताल घ्या. बारा मात्रा तबलजी धरून बसलेला, गाणारा मागं रेंगाळतो आणि शेवटच्या मात्रांत मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, उचलून नेमका समेवर, पहिल्या मात्रेवर, उतरतो. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते, तिथं रात्र-रात्र ऐकलंय हे. ठेका जागचा हलत नाही, गाणं झोके घेतं. समेकडे येण्याला 'आमद' शब्द आहेच.

तंतू: पण तिथं ठेका धरायला एकजण असतो. या चौकडीत दोन व्हायोलिन, व्हियोला आणि चेलो, तबलजी कुणीच नाही. पहिल्या व्हायोलिनवाल्यानं गज उचलताना घेतलेला श्वास पुढच्या रांगेत ऐकू येतो. बाकीचे तिघं त्या श्वासावर सुरू होतात. आमद एकट्याची, हे चौघांचं. 'रुबातो'च ठेवा. हार्मोनियमची 'पेटी' कोशात बसून कुणी केली नव्हती.

अजिंक्यतारा: आमच्याकडे भजनात बुवा शब्द लांबवतात तेव्हा टाळकरी हात वरच थांबवून त्यांच्या तोंडाकडे बघतात. त्याला आम्ही 'बुवांना जागा देणं' म्हणतो.

मिरजकर: वा! गाणारा जागा 'घेतो', साथीदार 'देतात'. पण मग ती साथ नव्हे, संगत. साथ म्हणजे मागून जाणं.

पडघम: चूक. 'साथ' आला 'सार्थ'वरून, म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. सगळे बरोबर चालतात. मागून जाणं त्यात कुठंच नाही.

कृष्णाकाठ: 'जागा' मनापासून आवडली. पण नाट्यगीतातली 'जागा' म्हणजे खास हरकत, सुरांची छोटी नक्षी. वाचणारा तीच समजेल ना? कागद उद्या छापायला जातोय.

मिरजकर: पडघम, तांड्यालाही म्होरक्या असतो. आणि रोगाची साथ कुठून आली मग?

पडघम: तीही तांड्यासारखी गावोगाव फिरते, म्हणूनच.