मुलाच्या जर्मनीतील शिक्षणासाठी येळ्ळूरची शेतजमीन गहाण ठेवावी का?

येळ्ळूरकर (प्रश्न)

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत माझे लहानसे वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग यंत्र) आणि फौंड्र्यांकडून (ओतशाळांकडून) येणाऱ्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, जॉबवर्क, एवढाच पसारा. मुलगा मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झाला, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची मेकॅनिकलची पदवी त्याने २०२३ साली घेतली आणि तेव्हापासून तो येथल्याच एका फौंड्रीत तपासणी विभागात काम करतो. आता जर्मनीतील एका सरकारी विद्यापीठात धातुशास्त्राच्या एम.एस्सी.ला त्याला प्रवेश मिळाला आहे. अध्यापन इंग्रजीतून आहे आणि शिकवणी शुल्क नाही. परंतु व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच भरून दाखवावे लागतात, म्हणजे आजच्या दराने बारा लाखांच्या पुढे, आणि विमान, विमा, पहिल्या महिन्यांची घरभाड्याची अनामत हे सारे वेगळे.

येळ्ळूर शिवारात वडिलोपार्जित दीड एकर बासमतीची जमीन आहे. तिच्यावर कर्ज काढावे, असे मुलाचे म्हणणे आहे. त्याच्या आजीने हे ऐकल्यापासून त्याच्याशी बोलणे टाकले आहे. जमीन गहाण ठेवणे योग्य आहे का, आणि तेथे शिकून तेथेच नोकरीत स्थिर होता येते का, हे जाणकारांनी सांगावे. तो परत वर्कशॉपमध्ये आला तर मला वाईट वाटणार नाही. परंतु कर्ज घेऊन परत यावे, असे वाटत नाही.

निवृत्त शाखाधिकारी, टिळकवाडी

येळ्ळूरकर साहेब, आजींना सांगा की त्यांची जमीन बहुधा सुरक्षित आहे, कारण बँकच ती सहसा घेणार नाही. थकलेल्या कर्जापोटी तारण ताब्यात घेण्यासाठी बँका २००२ चा जो सरफेसी कायदा वापरतात, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे शैक्षणिक कर्जासाठी आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) घेऊन येणाऱ्या पालकांना मी वर्षानुवर्षे परत पाठवीत आलो. बँकेला हवे असते ते बांधलेले घर, एन.ए. (बिगरशेती) झालेला प्लॉट किंवा मुदत ठेव. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सर्वसाधारणपणे तारण लागत नाही, त्यापुढे लागते. शहरात आपले राहते घर नावावर असेल आणि खाते उतारा (पालिकेच्या दप्तरातील मिळकतीची नोंद), घरपट्टी व मूळ खरेदीपत्र यांतील नावे जुळत असतील, तर तेच दाखवावे.

दोन गोष्टी घाईत सुटतात. ब्लॉक्ड अकाउंटमधील रक्कम ही फी नव्हे; ती मुलाचीच राहते आणि तेथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरोप्रमाणे त्याला परत मिळते. म्हणून पहिल्या वर्षीच दोन्ही वर्षांचे कर्ज उचलू नका, मंजुरी मोठी घ्या आणि उचल टप्प्याटप्प्याने करा. दुसरे असे की हप्ते शिक्षणानंतर सुरू होत असले तरी व्याज पहिल्या उचलीपासून चढते. आपण ते दरमहा भरत राहिलात, तर मुलगा नोकरीला लागेपर्यंत मुद्दल फुगलेले नसेल.

खानापूरकर (सध्या मुक्काम श्टुटगार्टजवळ)

काका, मी २०१९ साली येथे आलो, शिक्षण पूर्ण केले आणि गेली चार वर्षे पंपांची कास्टिंग विकत घेणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता अभियंता म्हणून काम करतो. नोकरी मिळते का, याचे माझे उत्तर भाषेपासून सुरू होते.

आपण सीमाभागातील माणसांनी हे खरे तर लगेच ओळखायला हवे. घरी मराठी, पदवी इंग्रजीतून आणि तहसीलदार कचेरीतला अर्ज कन्नडमध्ये, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीतील पदवीच्या बळावर कचेरीतले काम होत नाही, हे आपण लहानपणीच शिकलेलो असतो. जर्मनीतही तसेच आहे. विद्यापीठ इंग्रजीतून शिकवते. पण ओतशाळेतला फोरमन जर्मनमध्येच बोलतो, तक्रारीचा अहवाल जर्मनमध्ये लिहावा लागतो आणि मध्यम आकाराच्या कारखान्यांत, जेथे आपल्या मुलांना खरे काम मिळते, तेथे मुलाखतही जर्मनमध्येच होते. मी मात्र हे सारे विसरून आलो आणि पहिले वर्ष इंग्रजीच्या भरवशावर वाया घालवले.

मुलाने दोन वर्षे फौंड्रीत काढली आहेत, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. ब्लोहोल (वायूमुळे पडलेली पोकळी) आणि श्रिंकेज (धातू आकसल्याने पडलेली पोकळी) यांतला फरक ज्याने कापलेल्या कास्टिंगवर पाहिला आहे, त्याला येथे विद्यार्थी-कर्मचारी म्हणून लवकर घेतात. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. ते हॉटेलात भांडी घासण्यात घालवू नयेत, पैसे थोडे कमी मिळाले तरी कारखान्यात किंवा संशोधन संस्थेत घालवावेत. माझी नोकरी अशाच कामातून लागली. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो, आणि पदवीला साजेशी नोकरी दोन वर्षे केली व भाषा बी-१ (मध्यम पातळी) पर्यंत आली की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

जाता जाता एक सूचना. एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर माझे नाव आद्याक्षरांसह होते आणि पासपोर्टवर आडनावासह. भारतीय पदव्यांची पडताळणी करणाऱ्या एपीएसच्या प्रमाणपत्राची तेव्हा सक्ती नव्हती, तरी एका कार्यालयाने मला प्रतिज्ञापत्रासाठी दोन महिने हेलपाटे घालायला लावले. मुलाची सर्व कागदपत्रे आजच शेजारी शेजारी ठेवून पाहा.

निपाणीची

खानापूरकरांचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्यांनी चित्र थोडे उजळ रंगवले आहे. मी तेथे वाहन अभियांत्रिकीत एम.एस्सी. केले आणि ते १८ महिने संपवून परत आले. गुण चांगले होते, जर्मन मात्र ए-२ वर, म्हणजे बी-१ च्या एक पायरी खाली, अडकलेले. प्रत्येक मुलाखतीची दुसरी फेरी जर्मनमध्ये वळली की मी गप्प होत असे. त्यात काळही बदलला. २०२२ नंतर वायूचे आणि विजेचे दर चढले, ओतकाम हा तर भट्टीवरचा धंदा. फोक्सवॅगनने २०२४ च्या डिसेंबरमध्ये २०३० पर्यंत ३५,००० पदे कमी करण्याचा करार केला आणि पुरवठादारही हात आखडते घेत आहेत. वाहनांच्या सुट्या भागांवरच अवलंबून राहणारा प्रबंध मुलाने निवडू नये. पंप, रेल्वे, पवनचक्क्या यांची कास्टिंगही असतातच.

आणि "तेथे गेल्यावर भाषा शिकू" हे कृपया कोणी म्हणू नये. प्रयोगशाळा, परीक्षा, स्वयंपाक आणि काम यांतून उरलेल्या वेळात भाषा येत नाही. विमानात बसण्यापूर्वी बी-१ झालेच पाहिजे, मग त्यासाठी एक सत्र गेले तरी चालेल. मी आज हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे आणि समाधानी आहे. परंतु माझे कर्ज रुपयांतल्या पगारातून फिटते आहे, हे ध्यानात घ्यावे.

खानापूरकर

ताई, बी-१ आधी व्हावे, हे पूर्णपणे मान्य. फक्त प्रवेश पुढे ढकलता येईल असे गृहीत धरू नये. पुष्कळ विद्यापीठे पुन्हा नव्याने अर्ज करायला लावतात. आधी विद्यापीठाला पत्र लिहून विचारावे.

येळ्ळूरकर

सर्वांचे आभार. वडगावचे घर माझ्या आणि सौभाग्यवतींच्या नावावर आहे, तेच तारण द्यायचे ठरवले. खाते उताऱ्यात माझ्या वडिलांचे नाव अर्धेच आहे, ते दुरुस्त करायला आज अर्ज दिला. विद्यापीठालाही मुलाने काल लिहिले. आजींना जमिनीचे सांगितल्यावर त्या बोलू लागल्या आहेत, पण आता "बँक आपली जमीन नको म्हणते म्हणजे काय?" म्हणून रागावल्या आहेत.

एकच शंका राहिली. आमचा पत्ता कर्नाटकातला असल्यामुळे व्हिसाचे काम बंगळूरच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे आहे. मग भाषेची परीक्षाही बंगळूरलाच द्यावी लागते का?

निपाणीची

नाही. पत्त्याची अट व्हिसापुरती आहे. गोएथे संस्थेची परीक्षा कोठेही देता येते; मी त्यांच्याच पुण्याच्या केंद्रात, मॅक्सम्युलर भवनात, दिली होती. जागा लवकर भरतात, तेवढी तारीख मात्र आधी धरून ठेवा.