लिनक्स कर्नल ड्रायव्हरमधील ऑब्जटूल आणि सीएफआयचे इशारे: सल्ला हवा

अंधेरीचा_अभियंता: सीप्झमधील कार्यालयात आम्ही लिनक्स ६.६ वर स्वतःचा ड्रायव्हर सांभाळतो. त्यातले चेकसमचे फंक्शन एका जुन्या सहकाऱ्याने असेंब्ली भाषेत लिहिले असून त्याचा पत्ता ऑप्सच्या तक्त्यात (फंक्शन पॉइंटरांच्या यादीत) ठेवला आहे. क्लँग कंपायलरने बिल्ड करताना ऑब्जटूल (बिल्ड झालेला कोड तपासणारे कर्नलचे साधन) ‘डेटा रिलोकेशन टू !एंडबीआर’ असा इशारा देते, आणि मॉड्यूल चढवल्यावर पहिल्याच कॉलला ‘सीएफआय फेल्युअर’ येऊन यंत्र कोसळते. यंत्र आठव्या पिढीच्या इंटेलचे आहे. नव्यासाठी पैसे मिळणार नाहीत, सीएफआय (पॉइंटरमार्फत केलेला कॉल योग्य फंक्शनवरच जातो ना, हे पाहणारी सुरक्षा) बंद करता येणार नाही आणि मुदत शुक्रवारपर्यंतच आहे. काय करावे?

लॅमिंग्टनवाला: मी लॅमिंग्टन रोडवरून अकराव्या पिढीचा लॅपटॉप ३८ हजारांना घेतला. आयबीटी, म्हणजे भलत्या ठिकाणी उतरलेला कॉल अडवणारी इंटेलची सोय, त्याच पिढीपासून प्रोसेसरमध्ये आहे. तुम्हीही तोच घ्यावा.

ठाणेकर: इशारा बिल्डच्या वेळी येतो, लॅपटॉप बदलून तो जाईल कसा? मी मेकफाइलमध्ये ‘ऑब्जेक्ट_फाइल्स_नॉन_स्टँडर्ड’ ही ऑब्जटूलची तपासणी टाळणारी ओळ लिहिली आणि मोकळा झालो.

पवईची_वाचक: आपण नशीबवान आहात. आयबीटी चालू असलेल्या बिल्डमध्ये ऑब्जटूल जोडलेल्या मॉड्यूलची तपासणी करते, तिथे ही सूट चालत नाही. शिवाय मूळ प्रश्नात दोन वेगळे दोष आहेत. आयबीटीला अप्रत्यक्ष (पॉइंटरमार्फत केलेला) कॉल जिथे उतरतो तिथे चार बाइटांची एंडबीआर६४ सूचना हवी असते, आणि नुसत्या लेबलाऐवजी ‘सिम_फंक_स्टार्ट’ हा मॅक्रो वापरल्यास ती आपोआप येते. केसीएफआय (कर्नलमधले सीएफआय) मात्र फंक्शनच्या आधी ठेवलेला त्याच्या प्रकाराचा हॅश (प्रकारावरून काढलेला आकडा) कॉल करण्यापूर्वी ताडून पाहते. ही तपासणी सॉफ्टवेअरमधली असल्यामुळेच तुमच्या जुन्या यंत्रावरही ती कोसळवते. असेंब्लीला सी भाषेतला प्रकार ठाऊक नसल्याने तिथे ‘सिम_टाइप्ड_फंक_स्टार्ट’ लावावे, म्हणजे हॅश येईल आणि एंडबीआरही त्यातच मिळेल. सीमधील घोषणा ऑप्समधील पॉइंटरच्या प्रकाराशी तंतोतंत जुळली पाहिजे. कास्ट करून जुळवल्यास कंपायलर गप्प बसेल, हॅश बसणार नाही.

लॅमिंग्टनवाला: नव्या यंत्रावर लिनक्स ६.२ पासूनचे फाइनआयबीटीही (आयबीटी आणि केसीएफआय यांची जोड) चालते, हे कोणी सांगितले नाही.

ठाणेकर: विचारले कोणी होते?

दादरचा_जुना: सिम_टाइप्ड_फंक_स्टार्ट लावा. आणि शेवटी साधा रेट (फंक्शनमधून परतण्याची सूचना) असेल तर मोठ्या अक्षरांतला रेट मॅक्रो घाला, नाहीतर रीथंक (परतीच्या सूचना सुरक्षित वळशाने नेणाऱ्या) बिल्डमध्ये ‘नेकेड रिटर्न’चा इशारा येईल, त्यापायी माझी विरारची शेवटची लोकल चुकली होती. सीमध्ये मात्र उतरवू नका, वेग जाईल.

अंधेरीचा_अभियंता: सर्वांचे आभार. टाइप्ड मॅक्रो लावताच दोन्ही तक्रारी थांबल्या. तरीही ते फंक्शन मी सीमध्येच लिहून काढले, कारण मूळच्या चाळीस ओळी समजणारे कार्यालयात आता कोणीच उरलेले नाही. वेग थोडा घटला आहे, परंतु आमचे उपकरण सेकंदाला मोजकेच पॅकेट पाठवते.

दादरचा_जुना: सांगूनही ऐकत नाहीत.