नेटच्या रिव्ह्यूत दुसऱ्या कंपनीशी तुलना करावी का?

प्रश्न: ब्रॉडबँडच्या रिव्ह्यूत "अमक्यापेक्षा हे फास्ट" असं लिहिलेलं वाचणाऱ्याच्या कामाचं असतं का?

फायबरमित्र: असतं, पण मोजणी सारखी हवी. दोन्हीकडे लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि रात्री ९ ते ११ या गर्दीच्या वेळी तीन-चार दिवस टेस्ट घ्या. भिंतीपलीकडे वायफायचा स्पीड पडतो, त्याचं खापर कंपनीवर फोडू नका.

नेटकरी: प्लॅनही लिहा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटचा एक बाइट, म्हणून सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. लोक डाउनलोडचा आकडा बघून उगाच "फसवलं" म्हणतात. शिवाय राउटरचा पोर्ट (केबल लावायची जागा) १०० एमबीपीएसचा असेल तर २००चा प्लॅनही ९५च्या आसपास अडकतो.

फायबरमित्र: बरोबर! आणि एरिया लिहाच. एकाच कंपनीचं नेट पुण्यात कोथरूड आणि हडपसरला वेगवेगळे लोकल ऑपरेटर देत असतील, तर दुरुस्तीला लागणारा वेळही वेगळाच.