डबलबारीचं रेडिओसाठी रेकॉर्डिंग: मिक्सरची लाइन घ्यावी की माइक लावावेत?

आरजे_वेंगुर्ला
कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर आठवड्याला एक तास प्रत्यक्ष मैफलींसाठी ठेवायचा विचार आहे. सुरुवात डबलबारीपासून (दोन भजनी बुवांचा आळीपाळीने रंगणारा सामना), पुढे दशावतारी नाटक. हाताशी टास्कॅम डीआर-४० रेकॉर्डर आहे, दोन एक्सएलआर (माइक-मिक्सरच्या तीन पिनांच्या) केबल आणि एक उंच स्टँड. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन घेतली की बुवांचा आवाज स्वच्छ येतो, पण पखवाज आणि कोरस जवळजवळ नाहीसे होतात. गजर, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायचा भाग, टिपेला गेला की आवाज फाटतो, आणि तेव्हा मीटर लाल झालेलाही नसतो. नुसत्या माइकवर घेतलं तर गर्दी आणि वारा. काय करावं?

पेटीमास्तर
पखवाज नाहीसा होतो कारण साउंडवाला तो मिक्सरवर जेमतेमच उचलतो. मांडवात तो मुळातच दणदणीत ऐकू येतो, झांजेला तर बऱ्याचदा वेगळा माइकही नसतो. मिक्सरमध्ये असतं ते फक्त ‘मांडवात कमी पडणारं’. म्हणून दोन्ही घ्या, आणि दोन्ही एकाच रेकॉर्डरवर. डीआर-४०चा चार ट्रॅकचा मोड नेमका याचसाठी आहे. दोन वेगळी यंत्रं वापरलीत तर तासाभरात त्यांची घड्याळं एकमेकांपासून सरकतात आणि नंतर जुळवताना घाम फुटतो.

डबलबारीत एक सोय आयतीच असते. दोन बुवा, दोन रंगमंच आणि बहुतेक ठिकाणी साउंडही दोन. पहिल्या एक्सएलआरमध्ये एका बुवांच्या मिक्सरची लाइन घ्या, दुसऱ्यात दुसऱ्या बुवांची. दोघं एका वेळी गात नाहीत, त्यामुळे मोनोने काही बिघडत नाही. ज्यांची बारी नाही त्यांचा ट्रॅक एडिटमध्ये बंद ठेवा, नाहीतर त्यांच्या उघड्या माइकमधून समोरच्यांचं गाणं उशिरा आणि पोकळ ऐकू येतं.

आवाज फाटण्याचं कारण: मिक्सरची लाइन माइकच्या इनपुटला दिलेली आहे. सिग्नल आतल्या प्रीॲम्पमध्ये (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) आधीच फाटतो, मग लेव्हल कितीही उतरवा, मीटर शहाण्यासारखं वागतं. बाजूचा स्विच ‘लाइन’वर करा. ‘माइक + फॅन्टम’वर तर चुकूनही नको, कंडेन्सर माइकला केबलमधून देतात ते ४८ व्होल्ट मिक्सरच्या आउटपुटवर जातात.

साउंडवाल्याकडे मेन आउट (स्पीकरकडे जाणारा मुख्य आवाज) मागू नका, प्री-फेडर ऑक्स मागा, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीच्या (फेडरच्या) आधीच निघणारी वेगळी लाइन. म्हणजे गर्दी वाढली म्हणून त्याने मेन चढवला तरी तुमची लेव्हल जागेवर राहते. शिवाय तो भरभरून टाकतो तो इको त्यात सहसा येत नाही. मांडवात शोभतो तो, रेडिओवर शब्द खातो.

लेव्हल गजरावर लावा, रूपाच्या (देवाच्या रूपाचं वर्णन करणाऱ्या) अभंगावर नाही. अभंग संथ असतो, गजरात झांजा आणि सगळा कोरस एकदम येतो. वरची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर चार ट्रॅकना तासाला साधारण २ जीबी लागते, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड रात्रीला पुरून उरतं.

खारावारा
वरच्याशी सहमत, फक्त माइकच्या जागेबद्दल भर घालतो. रेकॉर्डर स्टँडवर दोन ते अडीच मीटर उंच, दोन्ही रंगमंचांच्या मधोमध, स्पीकरच्या तोंडातून बाहेर. अंगचे माइक एकमेकांवर तिरपे, म्हणजे एक्स-वाय ठेवा. कित्येक जण आजही मोबाइलवर किंवा छोट्या सेटवर मोनो ऐकतात. माइक लांब-लांब ठेवून पसरट केलेला आवाज मोनो झाला की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

माइक आणि मिक्सर यांत वेळेचा फरक पडतो. मंचापासून १२ मीटरवर ठेवलात तर सुमारे ३५ मिलिसेकंद. सुरुवातीला बुवांच्या माइकजवळ एक टाळी वाजवून घ्या आणि एडिटमध्ये मिक्सरचे ट्रॅक तेवढे उशिरा वाजतील असे सरकवा. दुसऱ्या बुवांच्या ट्रॅकसाठी टाळी वेगळी.

वाऱ्याचं म्हणाल तर किनाऱ्यावर संध्याकाळपर्यंत तो समुद्राकडून येतो, रात्री उशिरा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुटतो. जागा ठरवताना हे धरून चाला. स्पंजची टोपी पुरत नाही, केसाळ कव्हर हवं, सोबत ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे खर्जातले आवाज कापणारा फिल्टर). पण लो-कट फक्त या माइकना. मिक्सरच्या ट्रॅकवर लावलात तर पखवाजाच्या धुमाची, म्हणजे कणीक लावलेल्या बाजूची, गोलाई जाते.

पहाटेचं दव हा खरा शत्रू. कंडेन्सर माइकमध्ये ओल गेली की चरचर सुरू होते. एसी गाडीतून काढून लगेच चालू करू नका, पिशवीतच अर्धा तास राहू द्या. पिशवीत सिलिका जेल ठेवा. रेकॉर्डर जनरेटरच्या लाइनवर नको, बॅटरीवरच चालवा. घूंऽऽ असा ५० हर्ट्झचा आवाज निम्म्या वेळा तिथूनच येतो.

आणि एक, जे फारसं कुणी सांगत नाही. एफएमवर पाठवताना वरच्या पट्ट्या मुद्दाम चढवल्या जातात (आपल्याकडे ५० मायक्रोसेकंद प्री-एम्फसिस), १५ किलोहर्ट्झला ही चढ १३ डेसिबलच्या पुढे जाते. हेडफोनवर छान वाटणारी झांज ट्रान्समीटरच्या लिमिटरला (आवाज मर्यादेपुढे जाऊ न देणारा भाग) दाबते आणि प्रत्येक ठोक्याला बुवांचा आवाज खाली बसतो. ८ किलोहर्ट्झच्या वर दोन-तीन डेसिबल कमी करूनच फाइल द्या.

कायद्याचं_बोला
तांत्रिक बाजू ठीक, पण कागद? कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८अ नुसार सादरीकरणाचं रेकॉर्डिंग आणि प्रसारण हा कलाकाराचा हक्क आहे. एकटे बुवा ‘हो’ म्हणाले म्हणून भागत नाही. पखवाजवादक, झांजवाले, कोरस, सगळ्यांच्या सह्या घ्या, त्याही बारी सुरू होण्याआधी. पहाटे कुणी थांबत नाही. पुनःप्रसारण आणि इंटरनेटवर ठेवणं यांचा उल्लेख त्याच कागदावर करा.

तुकोबांच्या अभंगांना अडचण नाही. गजर सिनेमाच्या चालीवर बांधलेला असेल तर त्या चालीचे हक्क वेगळे. परवाना नसेल तर तेवढा भाग कापा.

आरजे_वेंगुर्ला
देव बरे करो! प्री-फेडर ऑक्सचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता दशावतार. तिथे मिक्सरला फार काही नसतं ना?

पेटीमास्तर
नसतं. समोर दोन-तीन माइक, पात्रं बाकड्याभोवती फिरणारी, त्यामुळे लाइनमध्ये आवाज येत-जात राहतो. इथे पारडं उलटं: मुख्य आवाज तुमच्या माइकचा, मिक्सर नुसता टेकू. पायपेटी आणि मृदंग मंचाच्या ज्या कडेला असतील तिच्या उलट बाजूला थोडं सरका, नाहीतर संवाद बुडतात. स्टँड जमिनीवर ठेवा, मंचाला टेकवू नका. फळ्यांचा मंच असेल तर युद्धाच्या प्रवेशात पायांचे धक्के स्टँडमधून थेट माइकमध्ये चढतात.

उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर बंधन असतं, सवलतीच्या दिवशी १२ पर्यंत. त्यानंतर साउंड बंद झाला तर मिक्सरची लाइन मुकी, म्हणून माइकची लेव्हल आधीपासून मुख्य म्हणूनच लावलेली बरी.

संवाद लिहिलेले नसतात, आयत्या वेळचे असतात. गावातल्या कुणाची टोपी उडवली जाते, कधी राजकारणही येतं. प्रसारणाआधी कुणीतरी अख्खं नाटक ऐकायलाच हवं. रेकॉर्डिंग चालू असतानाच वहीत वेळ टिपत जा: ‘१:४२, सरपंचांवर कोटी’. नंतर पाच तासांच्या फाइलमध्ये ते एक वाक्य शोधत बसावं लागत नाही.