६ वर्षांच्या मुलीला नृत्याच्या क्लासला घालावं का?

ताई, तुमची लेक ६ वर्षांची, गणेशचवथीला फुगडीतून बाहेर यायला तयार नसते, आणि घरची मंडळी म्हणतात अभ्यास बुडेल. माझं मत विचाराल तर जरूर घाला. पण पैसे भरण्याआधी एक-दोन वर्ग स्वतः बसून बघा. भरतनाट्यम असेल तर अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसण्याच्या स्थितीत, बसताना गुडघे पायांच्या बोटांच्या दिशेनं उघडतात का, गुरू ते थांबून सुधारतात का? कथकच्या तत्कारात, म्हणजे पायांच्या कामात, पाऊल सारखं जमिनीवर आपटतं, म्हणून जमीन कसली आहे तेही पाहा. सिमेंटवरच्या लादीवर तासभर नाचून टाचा दुखतात, आणि एवढी लहान पोरं ते सांगत नाहीत. मला ही गोष्ट फीपेक्षा मोठी वाटते.

पणजीजवळ असाल तर कांपालच्या कला अकादमीत दोन्ही शैली शिकवतात, तिथे चौकशी करा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नृत्याच्या परीक्षा प्रारंभिकपासून पुढे विशारद, अलंकारपर्यंत जातात. पण सुरुवातीला त्यांचा विषयही काढू नका. कथकमधल्या तीनतालाच्या १६ मात्रा (ठोके) ती घरात आपणहून टाळी देत मोजू लागली, की मग बघा.